ऐरोलीची बोट, सासूबाई आणि बारा वाजताची भरती

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "गेल्या माघात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रविवार आला होता, म्हणून दोन मुलं (वय ६ आणि १०) आणि सासूबाईंना घेऊन ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला गेलो. बाराची बोट मिळाली. तासभर फिरलो. लांब एक गुलाबी रेघ दिसली, चार बगळे दिसले, संपलं. सासूबाईंचे गुडघे दुखले ते वेगळंच. मुलं यंदा परत मागे लागलीत. कोणत्या महिन्यात जावं? की मे महिन्यात गोव्याला जाणारच आहोत, तर तिथेच पक्षी बघून घ्यावेत?"

ताई, महिना तुमचा बरोबर होता. माघ म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास, तेव्हा खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, भरपूर असतात. चुकली ती वेळ, आणि तीही तुमच्या हातून चुकली असं म्हणवत नाही, कारण बोटीचं तिकीट काढताना भरतीची चौकशी करायची असते हे कुणी सांगतच नाही. मी ठाण्यात राहतो, गेली अठरा वर्षं हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी लोकांना खाडीवर घेऊन जातो. "काहीच दिसलं नाही" म्हणून परत आलेल्या दहाजणांना विचारलं की कधी गेला होता, तर सात-आठजणांची वेळ पूर्ण भरतीची निघते.

खाडीत रोहितांचं ताट म्हणजे चिखल. ओहोटीला उघडी पडणारी चिखलपट्टी आणि तिच्यावरचं वीतभर, हातभर पाणी. इथे रोहितांच्या दोन जाती येतात: छोटा रोहित त्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित गाळातले बारीक जीव. मोठ्याचे पाय कितीही लांब असले तरी भरतीला त्या जागेवर पुरुषभर पाणी चढतं. मग ताटच बुडालं म्हटल्यावर पक्षी काय करणार? बहुतेक थवे उठतात आणि विश्रांतीला जातात, पलीकडे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे, भांडुपच्या बाजूच्या पाणथळीकडे, नाहीतर खारफुटीच्या आडोशाला. तुम्ही बारा वाजता बोटीत बसलात तेव्हा तुम्ही जेवणाच्या टेबलाशी आलात आणि पाहुणे हात धुऊन निघून गेले होते.

बारालाच भरती होती हे मला तुमच्या तिथीवरून कळलं. आमच्या तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) शिकवलेला हिशोब आहे, कोकणात जुन्या लोकांना तो पाठ असतो: तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. प्रतिपदेला पुन्हा बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय भरतीच्या तक्त्यात छापलेली वेळ मुंबईच्या अपोलो बंदरची असते आणि ऐरोलीपर्यंत पाणी आत चढायला वेळ लागतो, माझ्या अनुभवात आणखी अर्धा-पाऊण तास. मोबाइलवर भरतीची अचूक वेळ मिळतेच, पण लग्नाला कुठल्या तारखेला रजा टाकायची ते ठरवताना जसं आपण आधी कालनिर्णय उघडतो, तशी पाऊणकी पहिल्या नजरेला उपयोगी पडते.

तो हिशोब मी शिकलो त्या दिवशी शरमेने मान खाली गेली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका मच्छीमारी बोटीत चौदा लोक घेऊन निघालो. रोहित अगदी जवळून दाखवायचे या हव्यासापायी तांडेल नको म्हणत असताना बोट कडेला घ्यायला लावली. पाणी उतरत होतं हे मला दिसत होतं, कळत नव्हतं. बोट गाळात बसली. पहिली दहा मिनिटं सगळ्यांना मजा वाटली, मग ऊन लागायला लागलं, मग एका काकूंना बाथरूमला जायचं होतं. पाणी परत चढेपर्यंत सव्वादोन तास आम्ही तिथे. तांडेल शांतपणे सुका बोंबील-भाकरी खात बसला होता. खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "आज तिथी कोनती?" मला सांगता आली नाही.

त्या सव्वादोन तासांत थवा मात्र आमच्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर आला. बोट हलत नाही, आवाज नाही, तर त्यांनी आम्हाला खांबच समजायला सुरुवात केली. रोहित जेवताना मान खाली सोडतो तेव्हा डोकं उलटं होतं, म्हणजे चोचीचा वरचा भाग खाली. जीभ आतबाहेर चालते, पाणी आत घेते, बाहेर फेकते आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी गाळणीत खाणं अडकतं. मोठा रोहित एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, जणू पायाने पीठ तुडवतोय. तो उठून गेल्यावर चिखलात त्या नाचाचं कडं उरतं, मध्ये उंचवटा आणि भोवती खळगा. आणि सतत एक आवाज, बदकांच्या कळपासारखी कुजबुज. लांबून तो ऐकूच येत नाही. चौदापैकी दोन जण आजही माझ्याबरोबर येतात, बाकीच्यांनी नंबर ब्लॉक केला असावा.

तर मग वेळ कोणती धरायची? सरळ ओहोटीला का नाही जायचं, हा पुढचा प्रश्न येतो. कारण ओहोटी पूर्ण झाली की चिखलपट्टी मैदानाएवढी होते, पक्षी तिच्यावर पसरतात आणि बोटीला मात्र मधल्या खोल पाण्यातच राहावं लागतं. तेव्हाही तीच गुलाबी रेघ. हवी ती मधली वेळ. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन-अडीच तास, जेव्हा चढतं पाणी थव्यांना ढकलत ढकलत एका जागी गोळा करतं, किंवा भरतीनंतरचे दोन-अडीच तास, जेव्हा चिखलाची पहिली कड उघडी पडते आणि पक्षी त्या अरुंद पट्टीवर उतरायला लागतात. मला स्वतःला चढतं पाणी जास्त आवडतं. थवे दाट होतात, थोडंथोडं मागे सरकत राहतात, आणि बोट गाळात बसायची भीती नसते. (हे वाक्य अनुभवाचं आहे.)

उधाण आणि भांग यातही फरक आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं, खूप खाली जातं आणि दोन्ही झपाट्याने. बघण्यासारखी वेळ तेव्हा आखूड मिळते, पण मिळाली तर भरगच्च. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी सुस्त असतं. तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात तरी फार बिघडत नाही. लहान मुलं, डबे, टोप्या, सासूबाई असा सगळा लवाजमा वेळेवर निघतो असं माझ्या घरी तरी कधी झालेलं नाही, म्हणून कुटुंबांना मी भांगाचे दिवस सुचवतो.

आता प्रकाश. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर थेट ऊन पडतं, पंखांच्या आतला लाल-काळा रंग उठून दिसतो. दुपारनंतर तोच सूर्य डोळ्यात येतो आणि रोहितही राखी दिसायला लागतो. भांडुप आणि शिवडी पश्चिम काठावर, तिथे नेमकं उलट, दुपारची वेळ चांगली. बोटीत बसल्यावर तोंड दोन्हीकडे वळतंच, पण घरून कुठे जायचं ठरवताना हे लक्षात ठेवा.

हे सगळं जुळवलं तर ऐरोलीला सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराची बोट हवी आणि तिथी असावी सप्तमी-अष्टमी (पाणी उतरतंय) किंवा त्रयोदशी-चतुर्दशी (पाणी चढतंय). रविवारच हवा असेल तर एक गंमत सांगतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत झाले जवळजवळ सहा तास. म्हणजे एका रविवारी दुपारी बाराला भरती असेल तर पुढच्या रविवारी बाराला ओहोटी. तुम्ही गेल्या वर्षी आठवडाभर थांबला असतात आणि सकाळी निघाला असतात तर हा प्रश्न लिहायची वेळच आली नसती. म्हणून तारीख ठरवताना एक रविवार नको, लागोपाठचे दोन रविवार मोकळे ठेवा आणि त्यातला बरा निवडा. बोटीच्या फेऱ्या पाण्याप्रमाणेच ठरतात आणि दरही बदलत राहतात, तेव्हा आधी बोटी सोडणाऱ्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राला फोन करून फेऱ्या विचारा आणि त्यातली कोणती भरतीआधीच्या किंवा नंतरच्या त्या मधल्या वेळेत बसते ते बघून बुकिंग करा. "फ्लेमिंगो दिसतील का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं.

महिन्याचं थोडक्यात. रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून येतात आणि मेअखेर, पाऊस जवळ आला की जातात, बरेचसे गुजरातकडे. गर्दी जानेवारी ते एप्रिल. २०१९ च्या जानेवारीत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) गणनेत मुंबई परिसरात एक लाख वीस हजारांच्या आसपास रोहित मोजले गेले, त्यातले बहुसंख्य छोटे. एप्रिल-मेमध्येही ते भरपूर असतात, पण सासूबाई उन्हात बसणार आहेत हे विसरू नका. आणि तोवर तुतवारांसारखे चिखलावर धावणारे बरेच स्थलांतरित पक्षी उत्तरेला निघून गेलेले असतात. मी तुमच्या जागी असतो तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी यातलंच काही धरलं असतं.

सासूबाईंचे गुडघे हा मात्र वेगळा मुद्दा आहे आणि त्याचं उत्तर त्यांना किती त्रास होतो त्यावर आहे. बोटीत पाऊल टाकताना आणि उतरताना आधार लागतो, तासभर पाय लांब करता येत नाहीत. त्या "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांपैकी असतील तर त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, जिना उतरताना बघा. कठड्याशिवाय उतरता येत नसेल तर बोट नको. त्याऐवजी मी अशा वेळी काय करतो ते सांगतो: जी वेळ बोटीला वाईट, तीच तळ्याला चांगली. पूर्ण भरतीला, त्यातही उधाणाच्या, खाडीतून उठलेले थवे नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांत उतरतात. डीपीएस शाळेमागचं तळं त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. गाडी जवळपर्यंत जाते. एक घडीची खुर्ची न्या, त्यांना बसवा, थर्मासमधला चहा द्या. दुर्बिणीशिवाय रंग दिसतो. एक काळजी घ्या. तळ्यात खाडीचं पाणी यायची वाट बुजली की तळं आटतं किंवा शेवाळाने भरतं आणि पक्षी पाठ फिरवतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते झालं होतं. निघायच्या दोन दिवस आधी तिकडच्या एखाद्या पक्षीमित्राला विचारून घ्या.

म्हणजे तुमच्या गेल्या वर्षीच्या त्याच दिवशी, त्याच बारा वाजता, तुम्ही ऐरोलीऐवजी नेरूळला असता तर कदाचित पोटभर बघून घरी आला असता.

मुलांसाठी दोन-तीन गोष्टी. सहा वर्षांचं मूल दुर्बिणीतून काही बघत नाही, त्याला दुर्बीण हातात धरायची असते. ती धरू द्या, पण त्याच्यासाठी खरी मजा जेट्टीच्या कडेच्या चिखलात आहे. तिथे निवट्या असतात, बोटभर लांबीचा मासा, जो पाण्याबाहेर चिखलावर पुढच्या परांवर रेटत चालतो, डोळे डोक्यावर बेडकासारखे. दोन निवट्या एकमेकांसमोर आले की पाठीवरचा पर शिडासारखा उभारतात. बाजूला खेकडे, एक नांगी मोठी आणि एक लहान, ती मोठी हलवत बसलेले. पाच मिनिटं न हलता उभं राहिलं की बिळातून सगळे बाहेर येतात, आणि मूल हललं की सगळे गायब. सहा वर्षांच्या माणसाला याहून चांगला खेळ नाही.

दहा वर्षांच्या मुलाला तिवराचं पान दाखवा. ठाणे खाडीत खारफुटी मुख्यतः तिवराचीच आहे. पान जिभेला लावलं की खारट लागतं, कारण झाड मुळांतून शोषलेलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. (लावायचं ते केंद्राच्या पायवाटेवरचं, धूळ पुसून. जेट्टीजवळचं नको, तिथे प्लॅस्टिक आणि काय काय येऊन अडकलेलं असतं.) झाडाभोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील, ती श्वास घ्यायची मुळं. चिखलात हवा नसते.

त्याने विचारलंच की हे पक्षी इथे अंडी का घालत नाहीत, तर उत्तर पुन्हा भरतीत आहे. रोहित चिखलाचा छोटा ढीग करून त्यावर अंडं घालतात. इथला चिखल दिवसातून दोनदा बुडतो. आपल्याकडे ते कच्छच्या रणात घरटी करतात, जिथे उथळ खारं पाणी साचतं आणि माणसाचा वावर कमी असतो. आणि एक सांगू का, खाडी स्वच्छ आहे म्हणून पक्षी येतात असं मुलांना सांगू नका. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ते इथे मोठ्या संख्येने दिसायला लागले आणि बरेच अभ्यासक त्याचा संबंध गाळ साचण्याशी आणि सांडपाण्यामुळे वाढलेल्या शेवाळाशी जोडतात. आपल्या गटारावर त्यांचं पोट भरतं, हे ऐकून माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाने विचारलं होतं, "मग गटार साफ केलं तर ते जातील?" मला अजून त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, सुमारे १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ पासून रामसर पाणथळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. तेवढं संरक्षण असूनही शहराचं पाणी त्यातच येतं.

बोटीत दोन विनंत्या. कुणी "उडवा ना जरा" म्हणालं तर मध्ये बोला. थवा उडताना फोटो सुंदर येतो हे खरं, पण त्यांना खायला मिळणारे तास भरती आधीच कापून घेते, त्यातले आपण आणखी कशाला घ्यायचे? आणि दुर्बीण विकत घेणार असाल तर आठ बाय बेचाळीस (आठपट मोठं दाखवणारी) घ्या, दहापटीची बोटीत हलते.

गोव्याचं म्हणाल तर मांडवीतलं चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य मला फार आवडतं. पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपासचं, १९८८ पासूनचं. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की धक्क्यापासून जवळच. खारफुटीतून पायवाट आहे. सासूबाईंना फेरीबोट चालेल, ती रुंद आणि स्थिर असते. पण तिथे रोहितांचे थवे नाहीत. तिथे खंड्या, बगळे, वंचक आणि शांतता बघायची, आणि होडीने आतल्या नाल्यांत शिरायचं तर भरलेलं पाणी लागतं, म्हणजे ऐरोलीच्या हिशोबाच्या उलट. मे महिन्यात स्थलांतरित पक्षी गेलेले असतात, दमट उकाडा असतो, डास असतात. गोव्याला जाताय तर सकाळचे दोन तास द्या, पण ऐरोलीच्या बदल्यात नको.

तुमच्या पुढच्या महिन्यातल्या मोकळ्या रविवारच्या तारखा लिहा, आणि सासूबाई जिना कशा उतरतात तेही. तिथी बघून बोट की तळं ते सांगतो.